जर्मनीला नर्स, आणि इथे?

महोदय,

मनुष्यबळ परदेशी पाठवण्याच्या योजनेवर आपल्या अंकात मधूनमधून बातम्या येतात, त्यानिमित्त हे पत्र.

माझी पुतणी नर्स आहे. रात्रपाळी करून आली की चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहून 'देर, दी, दास' ही जर्मनमधली लिंग दाखवणारी उपपदं घोकते. जर्मन भाषेत मुलगी नपुंसकलिंगी, याचं तिला हसू येतं. आमच्या मालवणीत 'चेडू' (मुलगी) तरी कुठे स्त्रीलिंगी आहे! २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून तिने जायचं मनावर घेतलंय. खुशाल जावं. तिकडे म्हातारे वाढले, जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) दीडच्याही खाली गेला. त्याच वर्षी भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं त्यांनी ठरवलं, ते काही आपल्या प्रेमापोटी नव्हे. माझे वडील कणकवलीहून लालबागच्या गिरणीत आले तेही असेच, हात हवे होते म्हणून. एका खोलीत वीसजण, पाळीप्रमाणे झोपायचे.

मागे राहणाऱ्यांचं काय होतं, ते कोकणाला विचारा. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या वाढली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची मात्र चक्क घटली. आता अख्ख्या राज्याचाच जननदर १.७ आहे (२०१९-२१ ची कुटुंब आरोग्य पाहणी). पिढी टिकायला २.१ लागतो. उद्या मुंबईतल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारे बाहेरूनच येणार.

आलेच आहेत म्हणा. माझ्या ८६ वर्षांच्या आईला बघायला, घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत झारखंडची एक मुलगी येते. आईला कुशीवर वळवून पाठीला उशी कशी लावायची, हे तिला पुतणीने एका रविवारी दाखवलं. ब्युरोने काहीच शिकवलं नव्हतं, कमिशन तेवढं दर महिन्याला कापतात. मराठी ती आईबरोबर मालिका बघून शिकली. तिची ना कुठे नोंद, ना हातात प्रमाणपत्र.

जाणाऱ्यांसाठी सरकार भाषेचे वर्ग काढतं, तसे येणाऱ्यांसाठी वॉर्डावॉर्डात का नकोत? दोन-तीन महिने रुग्णसेवेचं शिक्षण, कामापुरतं मराठी आणि ब्युरोंची सक्तीची नोंदणी. 'मग भूमिपुत्रांचं काय?' असं कोणी विचारेलच. वर्ग त्यांनाही खुले ठेवा. आमच्या इमारतीत तीन घरं कधीची स्थानिक बाई शोधताहेत.

पुतणीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ती गेली की उशी लावायला शिकवणारंही आमच्याकडे कोणी उरणार नाही.

– एक वाचक, परळ, मुंबई