अंतर्मन वाक्ये घोकून बदलत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अंतर्मनाला आदेश द्या’ अशा शिबिरांच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. आरशासमोर उभे राहून ठरावीक वाक्ये रोज म्हणा, भीती जाईल, संसारातले ताण मिटतील, असे आश्वासन त्यांत असते. भावना आणि नाती यांना अंतर्मन वळण देते, हे मानसशास्त्राला मान्यच आहे. पण ते शब्दांच्या आदेशाने बदलते हा दावा टिकत नाही, आणि त्याचा फटका आधीच खचलेल्या माणसाला बसतो. म्हणून हे पत्र.

जिनिव्हातील मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये स्मृती गमावलेल्या एका स्त्रीबद्दल लिहिले. रोज भेटणारे डॉक्टरही तिच्या लक्षात राहत नसत. क्लापारेद यांनी एकदा बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. टोचल्याचे ती लगेच विसरली, पण पुन्हा हात पुढे केल्यावर तिने आपला हात मागे घेतला. घटनेची आठवण मेंदूतील हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असते. धोक्याचा धडा मुख्यतः अमिग्डाला या मेंदूच्याच दुसऱ्या भागामार्फत गिरवला जातो आणि त्याला शब्द लागत नाहीत.

आवाज चढला की मार बसायचा अशा घरात वाढलेल्या माणसाचा घसा चाळिशीतही बायकोने जरा जोरात हाक मारली की कोरडा पडू शकतो. त्याचे कारण मन मागाहून शोधते: ‘हिला माझी किंमतच नाही.’ मग भांडण त्या कारणावरून पेटते आणि मुळाकडे दोघांचेही लक्ष जात नाही.

अशा धड्यावर वाक्यांचा मारा करून काय होते? कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासले. स्वतःबद्दल मुळात चांगले मत नसलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घोकले, तर त्यांना आणखी वाईट वाटले. वाक्य उच्चारले की त्याविरुद्धचे पुरावेच मनात उभे राहत असावेत.

बदल घडतो तो नव्या अनुभवाने. ज्यांना मोठ्यांसमोर ‘नाही’ म्हणताच येत नाही, त्यांनी आठ-दहा प्रसंगांची उतरंड लिहावी आणि प्रत्येकाला भीतीचे ० ते १०० पैकी गुण द्यावेत. भाजीवाल्याला ‘हा टोमॅटो बदलून द्या’ म्हणणे २५, साहेबांना ‘आज थांबता येणार नाही’ सांगणे ६०, सासऱ्यांना ‘मला हे पटत नाही’ म्हणणे ९०. सुरुवात ३०च्या आसपास करावी. प्रसंगाआधी ‘काय होईल असे वाटते’ ते एका ओळीत लिहावे, नंतर काय झाले ते त्याखाली. हे ताडून पाहणे बहुतेक जण टाळतात, पण धडा बदलतो तो अंदाज चुकल्यामुळे. एकच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा करावी. भीती शिगेला असताना पळ काढला, तर सुटल्याचा दिलासाच मनावर ठसतो आणि पुढची वेळ अधिक अवघड जाते. सोबतीला कायम कोणी तरी असेल, तर यशाचे श्रेय त्या सोबतीला जाते.

जुना धडा पुसला जात नाही, त्याच्याशेजारी नवा तयार होतो. म्हणून कार्यालयात जमलेले घरी जमत नाही, आणि बऱ्याच दिवसांनी भीती परतही येते. हे अपयश नव्हे. जागा, वेळ, माणसे बदलून सराव करावा.

नवरा-बायकोच्या भांडणात नाडी मिनिटाला १००च्या वर गेली की ऐकणे जवळपास थांबते, असे दांपत्यसंबंधांचे अभ्यासक जॉन गॉटमन यांचे निरीक्षण आहे. अशा वेळी किमान २० मिनिटे दूर व्हावे, पण कधी परत बोलू ते सांगून. न सांगता उठून गेलेल्या माणसाने आपल्याला टाकले, असेच समोरच्याला वाटते. त्या वेळात मनातल्या मनात मुद्दे रचत बसलात, तर नाडी खाली येणार नाही.

शिबिरांत घोळक्याने ‘दडलेल्या आठवणी’ उकरून काढणे मात्र तातडीने थांबायला हवे. न घडलेल्या घटना सूचनेतून स्मृतीत शिरतात. बालपणी बाजारात हरवल्याची बनावट हकीकत सुमारे पाव सहभागींनी पूर्णतः वा अंशतः खरी मानल्याचे स्मृतीच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये दाखवले. ज्यांच्यावर अत्याचार झाले आहेत किंवा ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येतात, त्यांनी वरचा सरावही तज्ज्ञाशिवाय करू नये. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक विचारण्यात संकोच नको.

आपण अशा जाहिराती छापताना आयोजकांची पात्रता छापण्याची अट घालावी, आणि शेजारी टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या मोफत सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा, ही विनंती. तेथे मराठीतही बोलता येते.

आपली विश्वासू,
एक मानसशास्त्रज्ञ, पुणे