उंदरांच्या औषधाचं नाव नोटिशीत छापा

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : उंदरांचं औषध, बागेतली पेंड आणि पार्किंगमध्ये सांडणारं कूलंट यांपासून कुत्र्या-मांजरांना असलेला धोका

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की लिफ्टमध्ये नोटीस लागते : "अमुक तारखेला पेस्ट कंट्रोल आहे, सभासदांनी सहकार्य करावे." तारीख असते, वेळ असते, औषधाचं नाव मात्र नसतं. ते छापावं, ही या पत्रातली मुख्य विनंती. डक्टपाशी कुत्र्याने काहीतरी खाल्लं म्हणून दवाखान्यात धाव घेतली की डॉक्टर आधी विचारतात, "काय खाल्लं?" पुढचे सगळे उपचार त्या उत्तरावर ठरतात.

उंदरांसाठी बाजारात सहज मिळणारी दोन औषधं म्हणजे ब्रोमाडायोलोन आणि झिंक फॉस्फाईड. दोन्ही "उंदराचं औषध"च, पण चाल अगदी उलटी.

ब्रोमाडायोलोनची 0.005 टक्क्यांची रंगीत वडी असते. ती शरीरातल्या व्हिटॅमिन के च्या पुनर्वापराचं चक्र बंद पाडते. त्यामुळे रक्त गोठवणारे नवे घटक बनायचे थांबतात, पण आधीचे शिल्लक असतात, म्हणून दोन-तीन दिवस जनावर उड्या मारत असतं. मालकाला वाटतं, वाचलं. मग हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, पोटात किंवा छातीत रक्तस्राव सुरू होतो. यावर व्हिटॅमिन के 1 हा खात्रीचा उतारा आहे, पण तो साधारण चार आठवडे द्यावा लागतो. कोर्स संपल्यावर 48 ते 72 तासांनी रक्त गोठण्याची तपासणीही करावी लागते. (दुकानात के 3 पुढे केलं जातं, त्याचा इथे उपयोग नाही.)

झिंक फॉस्फाईड म्हणजे काळपट राखाडी पावडर. बाजरी किंवा ज्वारीचा भरडा 96 भाग, तेल 2 भाग आणि पावडर 2 भाग, असं आमिष कालवतात. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. लक्षणं काही मिनिटांत ते चार तासांत दिसतात. याला उतारा नाही. घरचे लोक मायेने दूध-भात भरवतात, पण पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं आणि वायूही जास्त सुटतो. शिवाय उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो, म्हणून रिक्षा असो की गाडी, पडदे-काचा उघड्या ठेवूनच न्यावं. म्हणजे एका विषात दोन-तीन दिवस हाताशी असतात आणि दुसऱ्यात जेमतेम काही तास. नोटिशीत नाव नसेल तर डॉक्टरांनी कोणतं धरून चालायचं?

झिंक फॉस्फाईड आपल्या आवारात वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्रोमाडायोलोन वापरायचं तर वडी उघड्यावर टाकू नये. किल्लीने बंद होणारे प्लास्टिकचे बेट-बॉक्स (आमिष ठेवायच्या पेट्या) मिळतात. आतल्या सळीत वडी ओवलेली असते, त्यामुळे उंदीर ती ओढून बाहेर आणत नाही. बॉक्स भिंतीला पक्का बसवून त्यावर क्रमांक घालावा. किती वड्या ठेवल्या आणि किती परत मिळाल्या, हे कंत्राटदाराने लिहून द्यावं. मेलेले उंदीर रोज सकाळी हातमोजे घालून उचलावेत, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की तेच विष मांजरात जातं. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला कीटकनाशक कायदा, 1968 खाली परवाना लागतो. त्याच्या प्रतीसोबत डब्यावरच्या लेबलाचा फोटोही मागून घ्यावा. आणि मूळ उपाय विषात नाहीच. कचराखोलीचं दार खाली फटीविना बसवलं आणि गटारांच्या तोंडांना 6 मिलिमीटरची जाळी लावली, तर निम्मं विष वाचेल.

आता बाग. माळीकाका गुलाबांना एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा घालतात. रोपांना ही जोडी मानवते, कुत्र्याला मारते. हाडांच्या वासाने कुत्रा माती उकरतो आणि चुऱ्याबरोबर पेंडही खातो. एरंडीच्या बीमध्ये रायसिन हे विष असतं. पुरेशी उष्णता दिल्यास ते निकामी होतं, पण खुल्या पोत्यातल्या पेंडीला ती मिळाली की नाही, हे सांगणार कोण? उलट्या आणि रक्ती जुलाब कधी सहा तासांनी, तर कधी दोन-तीन दिवसांनी सुरू होतात. यालाही उतारा नाही. गांडूळखतावर भागवता येईल. हाडांचा चुरा हवाच असेल तर तो फक्त उंच कुंड्यांत घालावा.

गेटपाशी शोभेला लावलेली दोन "छोटी पामं" खरं म्हणजे पाम नाहीत, सायकस आहेत. त्याचं पानसुद्धा विषारी, आणि मादी झाडाला धरणाऱ्या शेंदरी बिया तर सर्वांत घातक. त्या यकृत निकामी करतात. बिया पडण्याआधी तोडून टाकाव्यात आणि जमल्यास तिथे अरेका पाम लावावा, तो निर्धोक आहे. कण्हेर काढा असं आम्ही म्हणणार नाही, पूजेला फुलं लागतात आणि त्यावरून सभेत वाद नको. मात्र छाटणी झाल्यावर फांद्या कोपऱ्यात चार दिवस पडून राहतात, ते बंद व्हावं. वाळलेल्या पानांतही हृदयाला बाधणारं विष तितकंच असतं. मनी प्लांट आणि डिफेनबेकियाबद्दल फार घाबरू नये; ती चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, तोंड धुतलं की बहुधा निभावतं.

पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांखाली हिरवं किंवा गुलाबी पाणी दिसतं, ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते चवीला गोड लागतं. चार किलोच्या मांजराला निव्वळ ग्लायकॉल सहा मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाभर, जीव घ्यायला पुरतं. किडनीत स्फटिक साचतात, आणि मांजरावर पहिल्या तीन तासांत उपचार झाले नाहीत तर आशा फार थोडी. सुपरवायझरकडे लाकडाचा भुसा ठेवावा. डाग दिसला की भुसा टाकून टिपून घ्यावा, मग साबणाच्या पाण्याने धुवावा आणि गाडीमालकाला कळवावं. जिन्यात काळं फिनाईल टाकलं तर ते साध्या पाण्याने पुसून घ्यावं. मांजर पंजे चाटतं आणि त्याचं यकृत फिनाईलमधलं फिनॉल नीट मोडू शकत नाही.

घरातल्या वस्तूंची यादी नोटीस बोर्डासाठी आम्ही वेगळी करून देतो : पॅरासिटामॉल (500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते), मनुका आणि द्राक्षं, कांदा-लसूण, चॉकलेट, झायलिटॉलचं शुगर-फ्री च्युइंग गम, कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनचं गोचीड-औषध मांजराला लावणं, आणि गुच्छातली लिली. लिलीचे परागकण किंवा फुलदाणीतलं पाणीही मांजराची किडनी बंद पाडतं. (निशिगंध ही लिली नव्हे, तो यात नाही.) त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत हेही हवं : विष खाल्ल्याचा संशय आल्यास दूध, तेल, मिठाचं पाणी देऊ नये, घरी उलटी करवू नये, वेळ, अंदाजे प्रमाण, जनावराचं वजन आणि वेष्टण घेऊन थेट दवाखाना गाठावा.

यंदाची पेस्ट कंट्रोलची तारीख ठरलेली नसेल, तर कंत्राटदाराच्या पत्रात एवढं वाक्य घालावं : "वापरण्याच्या औषधाचे नाव, प्रमाण आणि बॉक्सच्या जागा सात दिवस आधी लेखी कळवाव्यात." बॉक्सच्या जागांचा नकाशा काढायला आम्ही वॉचमनसोबत फिरायला तयार आहोत, रविवारी सकाळी दहानंतर कधीही.

कळावे,
आपले,
बी विंगमधील पाळीव प्राणी असलेले सभासद

प्रत : सचिव, बाग समिती