अजून दोन वर्षं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. बाबा, मी लष्करातून निवृत्तीचे कागद टाकले नाहीत. २० वर्षं भरली, पेन्शन पक्की झाली, हे खरं. तरी कामठीच्या मिलिटरी लॉ इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची पोस्टिंग घेतलीय. संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठासमोर तुम्ही माझ्या वकिलीसाठी बघून ठेवलेल्या खोलीचं मीच नाही म्हणून कळवते, तुम्हाला अवघड वाटेल.

कामठी म्हणजे नागपूरच हो. अर्धापूरहून वारंगा फाटा, यवतमाळ, वर्धा, की आलंच. क्वार्टर तळमजल्यावर आहे, आईला एक पायरी चढायची नाही. संडास कमोडचा. गरम पाणी चोवीस तास. अंगणात तुळस आधी राहणाऱ्या बाईंनीच लावून ठेवलीय.

तुम्ही विचाराल, शिकवायला दुसरं कोणी नव्हतं का? होते की. पण बाबा, समरी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्करातल्या झटपट खटल्यात, जवानाचा कमांडिंग ऑफिसर हाच न्यायाधीश असतो. तो नोकरी घालवू शकतो, तुरुंगात धाडू शकतो. २००७ च्या कायद्यानं लष्करी न्यायाधिकरण आलं, दाद मागायला जागा झाली. पण तिथवर पोचेपर्यंत घरातली भाकरी थांबत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तुम्हीही अपिलात सुटलात. मळा आला का परत?

आर्मी रूल्समध्ये १८० नंबरचा नियम आहे, १९५४ पासूनचा. चौकशीत ज्याच्या अब्रूला धक्का लागू शकतो, त्याला पूर्ण वेळ हजर राहू द्यायचं, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारू द्यायचे. सगळ्यांना पाठ असतो. पाठ असून काय होतं? म्हणून पहिल्याच तासाला वर्गातल्या एका मेजरला खोटाखोटा आरोपी केलं आणि बाहेर बाकावर बसवलं. आत त्याच्याविरुद्ध साक्षी. चाळीस मिनिटं. आत बोलावलं तर त्याचे कान लालबुंद. म्हणाला, "मॅडम, आत माझ्याबद्दल काय झालं तेच मला माहीत नाही."

मला फळ्याकडे तोंड करावं लागलं. व्हरांड्यातला तो बाक, तुमच्या मांडीवरची कापडी पिशवी, डब्यात आईचे धपाटे. मी सहावीत होते, डबा द्यायला आले होते. तुम्ही म्हणालात, साहेब बोलावतील आता, तू शाळेत जा. संध्याकाळी डबा तसाच परत आला.

तुमचं नाव मी वर्गात काढलं नाही, काढणारही नाही. पण आता प्रत्येक बॅचला तो बाक ठेवणार आहे. एवढ्यासाठीच दोन वर्षं हवीत. मग येतेच.

आता ऐका. केळीला रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला तुम्ही जायचं नाही, गड्याला जादा पैसे द्या, मी पाठवते. बीपीची गोळी एकाआड एक दिवस घेता म्हणे, आईनंच सांगितलं, तिच्यावर ओरडू नका. आई, मोतीबिंदूचं आता "पोळ्यानंतर" चालणार नाही. महिनाअखेर गाडी घेऊन येते, दोघांनी बॅगा भरून ठेवायच्या. आणि येसर स्टीलच्या डब्यात भर ग माय. मागच्या वेळी पिशवी फुटली, आठ दिवस माझ्या वर्दीला फोडणीचा वास येत होता.

तुमची,
बेबी