तो फोटो कबुतराचा नव्हता, होल्याचा होता

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात कबुतरांच्या त्रासावर बातमी आली होती, बातमी चांगलीच होती, पण तिच्यासोबत जो फोटो छापला तो कबुतराचा नव्हता. तो होल्याचा होता, छोटा तपकिरी होला, काही लोक कवडा म्हणतात, इंग्रजीत लाफिंग डव. एवढ्याशा चुकीसाठी पत्र कशाला असं कुणालाही वाटेल, पण ह्याच चुकीपायी आमच्या सोसायटीत दोन पिल्लं गेली म्हणून लिहितेय.

२०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं रान उठलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हापासून इकडे सोलापुरातही लोक जागे झालेत. आमच्याकडेही बाल्कन्यांना जाळ्या लावायचं ठरलं. माझा जाळीला विरोध नाही हे आधीच सांगते, कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसं खराब होतात हे खरं आहे आणि आमच्या डक्टमध्ये कबुतरांनी काय घाण करून ठेवली होती ते मी डोळ्याने बघितलंय. पण जाळीवाल्या पोरांना "घरटी दिसतील ती काढून टाका" एवढंच सांगितलेलं. त्यांनी शेजारच्या बाल्कनीत कोरफडीच्या कुंडीत असलेलं घरटं उचलून खाली फेकलं. मी खाली पळत जाईपर्यंत एक पिल्लू गेलेलं होतं, दुसरं पार्किंगच्या फरशीवर, अंगावर पिवळी विरळ लव, डोळे नुकते उघडलेले. संध्याकाळी तेही गेलं. कमिटीतल्या काकांना विचारलं तर म्हणाले, अहो ताई, कबूतरच ना ते. दोन दिवस पिल्लांच्या आईबापाची जोडी त्या कुंडीच्या काठावर येऊन बसत होती.

कबूतर नाही हो ते. कुळ एक आहे, पण पक्षी वेगळा. कबूतर ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं, होला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. कबूतर राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे, मानेला हिरवी-जांभळी झाक. होला बघा कसा असतो, डोकं आणि छाती गुलाबीसर, पाठ मातकट, पंखाच्या कडेला निळसर राखाडी पट्टा, आणि गळ्याशी तांबूस रंगावर काळे बारीक ठिपके जसं काही काळ्या मण्यांची गळपट्टीच घातलीय. उडाला की शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात. कोकणात आणि घाटात जो ठिपक्यांचा होला जास्त दिसतो तो ह्याचा भाऊबंद, त्याच्या मानेवर पांढरे ठिपके असतात. हा मात्र कोरड्या रानातला, आपल्या सोलापूर, नगर, मराठवाड्याकडचा.

आणि आवाज! कबूतर एकसुरी घुमतं, होला हळूच क्रू-डू-डू-डू करतो, कुणीतरी तोंड दाबून हसतंय असं वाटतं, त्यावरूनच ते लाफिंग नाव पडलं. दुपारी रस्ता सुना झाला की हाच आवाज येत राहतो, माहेरी विहिरीजवळच्या बोरीवर दिवसभर यायचा.

हा काही फक्त आपला पक्षी नाही. आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण ते आपल्यापर्यंत तो आहे, लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं ते आफ्रिकेतल्या सेनेगल देशावरून. ऑस्ट्रेलियात पर्थला माणसांनी १८९८ च्या सुमारास नेऊन सोडला, तिथेही शहरात रुळला.

माझ्या मते खरा फरक मुळातच आहे. कबूतर हा कड्याकपारीतला पक्षी, त्याला आपली बिल्डिंग म्हणजे कडाच, म्हणून डक्टमध्ये, एसीच्या मागे शेकड्याने राहतो. होला बाभूळ, बोर, हिवरावर घरटं करणारा. ती झाडं आपण तोडली म्हणून तो कुंडीत येतो, आणि येतो तो जोडीने. खातो काय तर गवताचं बी, सांडलेली ज्वारी, मधेच एखादी वाळवी, जमिनीवर फिरून टिपतो, त्याच्यासाठी धान्य टाकायची काहीच गरज नाही आणि टाकूही नये, त्याने कबुतरंच जमतात.

त्याचं घरटं म्हणजे नावालाच. माझ्या बाल्कनीत मागे केलेलं मोजून वीस-पंचवीस काड्यांचं होतं, त्यात खराट्याचे हीर आणि वायरचा एक तुकडा, खालून बघितलं तर अंडी दिसायची. पांढरी अंडी, दोनच. नर-मादी आळीपाळीने बसतात, साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर आणि पुढच्या दोन आठवड्यांत उडून जातात. म्हणजे सगळा मामला एका महिन्याचा. सुरुवातीला पिल्लांना दाणे चालतच नाहीत, आईबापाच्या गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखं घट्ट दूध तयार होतं, पिल्लू चोच थेट त्यांच्या तोंडात घालून ते पितं. बापालाही दूध येतं! मी हे पहिल्यांदा खिडकीआडून बघितलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरले होते. म्हणून खाली पडलेल्या पिल्लाला दूधभात भरवू नका, मांडीवर घेऊन पाणी पाजू नका. घरटं शाबूत असेल तर परत त्यात ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देत नाहीत, ते काही खरं नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी फोटो तपासून छापा, पेपरातला फोटो बघून लोक घरटी ओळखतात. आणि सोसायट्यांना सांगा की जाळी मारायच्या आधी कुंड्या, मीटर बॉक्स, कपड्यांची दांडी एकदा बघून घ्या, होल्याची अंडी दिसली तर तेवढी एक बाल्कनी महिनाभर सोडा, मग कुंडी धुऊन, तोंडाला मास्क लावून साफ करा आणि खुशाल जाळी मारा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने होल्याला संरक्षण आहे, घरटं मोडणं हा कायद्याने गुन्हाच आहे, हे जाळीवाल्यालाही कुणीतरी सांगायला हवं.

ती जोडी, म्हणजे तीच असावी असं मला वाटतं, आता माझ्या बाल्कनीत गवती चहाच्या कुंडीत आलीय. सोमवारी एक अंडं होतं, बुधवारी सकाळी दुसरं दिसलं. जाळीवाल्याला मी पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगितलंय, कमिटीनेही ह्यावेळी हो म्हटलंय.

आपली,
एक वाचक, सोलापूर