शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: फिजिक्समधून सूट नको, फिजिक्स शिकू द्या

मा. शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. दृष्टी नसलेला, ऐकू न येणारा किंवा हात नीट न चालणारा विद्यार्थी वर्गात आला की आपण त्याला सगळ्यात आधी काय देतो तर सूट. आकृतीचा प्रश्न सोडून दे, प्रॅक्टिकलला बाजूला बस, पार्टनरची रीडिंग्ज उतरवून घे. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो हे मान्य, पण ग्राफ गेला, प्रयोग गेला की फिजिक्समध्ये उरतं काय, तर पाठांतर. आणि मग पुढे त्याच मुलाला सांगायचं की सायन्स तुला झेपणार नाही.

हे सगळं टाळता येतं, आजच येतं. एक साधं उदाहरण देतो. गतीचं तिसरं समीकरण घ्या, व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू ए एस. पुस्तकाची पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, या ओळीवर काहीच वाचत नाही, आणि टाईप केलेली असली तरी पुष्कळदा वर्गाचा दोन खाली उतरतो आणि मुलाला ऐकू येतं 'व्ही टू इज इक्वल टू यू टू प्लस टू ए एस'. आता त्याने काय समजायचं? वन अपॉन टू पाय रूट एलसी हे तर अजून अवघड, कारण रूट नेमका कुठे संपला आणि छेदात काय काय आहे हे नुसत्या कानाला कळतच नाही. यावरचा उपाय जुना आहे. मॅथएमएल नावाची समीकरणं लिहिण्याची पद्धत १९९८ पासून वेबचं अधिकृत स्टँडर्ड आहे, त्यात लिहिलेलं समीकरण स्क्रीन रीडर योग्य ॲड-ऑन असेल तर तुकड्या-तुकड्याने वाचून दाखवतो, छेद कुठे सुरू कुठे बंद तेही सांगतो, बोटांनी वाचायच्या ब्रेल डिस्प्लेवरही पाठवतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तर फुकट आहे. म्हणजे अडलंय ते फक्त पुस्तक तयार करणाऱ्यांपाशी.

प्रयोगशाळेचंही तसंच. रीडिंग बोलून सांगणारे मल्टीमीटर असतात. प्रकाश वाढला की स्वर चढतो असा लाईट सेन्सर पडद्यावरून हळूहळू सरकवला तर डिफ्रॅक्शनचे, म्हणजे बारीक फटीतून जाताना प्रकाश पसरल्यामुळे पडणारे, उजळ आणि काळे पट्टे चक्क कानाने मोजता येतात, मधला पट्टा सगळ्यात तेजस्वी हेही ऐकूच येतं! ग्राफ ऐकवता येतो, डावीकडून उजवीकडे जाताना वायची किंमत वाढली की सूर वर, कमी झाली की खाली, डॅम्प्ड ऑसिलेशन, म्हणजे हळूहळू मंदावत जाणारं आंदोलन असेल तर सुरांचा चढउतार कमी कमी होत जातो. वांडा डियाझ-मर्सेड या अंध खगोलशास्त्रज्ञ असाच डेटा आवाजात बदलून संशोधन करतात.

आणि उलट बाजूने बघा. रेझोनन्स ट्यूबच्या प्रयोगात नळीतल्या हवेची लांबी बदलत जाताना आपण सांगतो की आवाज मोठा झाला की थांबा. ऐकू न येणाऱ्या मुलीने कुठे थांबायचं? मोबाईलचा माईक वापरून आवाजाची तीव्रता स्क्रीनवर दाखवणारं ॲप तिच्यासमोर ठेवलं की तिलाही तीच जागा सापडते, आणि माझा अनुभव असा की मग बाकीची मुलंही कान सोडून स्क्रीनकडेच बघायला लागतात कारण कमाल बिंदू त्यांनाही तिथे जास्त नीट कळतो.

सिम्युलेशनबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आभासी प्रयोगांबद्दल, थोडक्यात. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची बरीच सिम्युलेशन्स आता माऊसशिवाय फक्त कीबोर्डवर चालतात, काहींमध्ये आवाज आणि वर्णनही आहे, आणि सगळी मोफत आहेत. पण ती प्रयोगाच्या जोडीला हवीत, प्रयोगाऐवजी नकोत.

परीक्षेचं मात्र मला जास्त लागतं. वर्षभर कॉम्प्युटरवर शिकलेल्या मुलाला परीक्षेत लेखनिक देतात, तोही विषय न शिकलेला, मग मुलगा ओमेगा (ω) म्हणतो आणि लेखनिक डब्ल्यू (w) लिहितो. मार्क कुणाचे जातात?

म्हणून तीन गोष्टी मागतो. पुढचं पुस्तक छापायला जाईल तेव्हाच त्याची मॅथएमएल असलेली आवृत्ती आणि आकृत्यांची स्पर्शाने कळणारी पानं त्याच करारात मागा, नंतर वेगळी करायला घेतली की ती वर्ष संपल्यावर हातात पडतात. प्रयोगशाळेच्या खरेदीत बोलणारी आणि डेटा कॉम्प्युटरला देणारी उपकरणं सक्तीची करा आणि ती वापरायचं ट्रेनिंग शिक्षकांबरोबर लॅब असिस्टंटलाही द्या, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते. आणि जे साधन वर्गात वापरलं तेच परीक्षेत वापरायचा हक्क लेखी द्या. हे ठरवताना समितीवर अशा विद्यार्थ्यांनाही घ्या, कुठलं साधन अर्ध्यात बंद पडतं ते त्यांना आधीच माहीत असतं.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक