कोंबड्यांचा औषधाचा डबा

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

शेजारच्या काकांबरोबर एक डबा पाठवते आहे. झाकणावर मोठ्या अक्षरांत 'कोंबड्या' लिहिलं आहे, म्हणजे चष्मा शोधावा लागणार नाही. पाऊस लागायच्या आत तो पडवीत, हाताला लागेल असा ठेवा. मुंगूस काही सांगून येत नाही.

मुंगसाच्या तोंडून सुटलेली कोंबडी हाती लागली की आधी तिच्या डोक्यावरून जुना टॉवेल टाका. काळोख झाला की ती फडफडायची थांबते. मग धरा, पण छाती आवळू नका. तिला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड हललं तरच श्वास घेता येतो. जखम आधी सलाईनने धुवायची, मग बीटाडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावायचं. रॉकेल, टर्पेंटाइन अजिबात नको. जखम झाकायलाच हवी, पावसात माशी बसली की किडे पडतात. पट्टी मुद्दाम आपल्याआपणच चिकटणारी घेतली आहे. आई, तुझी बोटं आखडतात, गाठ मारायचा त्रास नको. फक्त घट्ट गुंडाळू नकोस. आणि बरी होईपर्यंत तिला वेगळ्या डालग्याखाली ठेव, रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

नख तुटून रक्त आलं तर डब्यातलं कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं.

बिनसुईची सिरिंज आणि ओआरएसच्या पुड्या आहेत. उकाड्याने चोच उघडून धापा टाकत असेल तर सावलीत न्या आणि चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा. घशात ओतू नका, श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागेच असतं.

बाबा, हातमोजे तुमच्यासाठी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना कोंबडीचा साधा ओरखडासुद्धा वाहत राहतो. मोजे घातल्याशिवाय जखमी कोंबडीला धरू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. नंतर दोघांनीही साबणाने हात धुवा.

मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, मात्र या डब्यात काही नाही. हिरवट हगवण, पिळवटलेली मान, लुळे पंख दिसायला लागले की औषध चालत नाही. त्यावर लसच हवी, आणि ती आधी. पावसाळ्यापूर्वी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीचं विचारा. ओल्या खुराड्यात पिल्लांना रक्ताची हगवण लागली तरी डॉक्टरांनाच दाखवा, गोळी अंदाजाने देऊ नका. एकदम तीन-चार मेल्या तर हात लावू नका, खाऊ तर नकाच. जनावरांच्या सरकारी मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन करा. हा नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

बीटाडीन आणि ओआरएसच्या तारखा दिवाळीला आले की मी बघेन. मधे काही संपलं तर फोनवर सांगा, लगेच पाठवते.

तुमची लेक