मशीन आले, मुलांचे सर्किट आले का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात रुग्णालयाला मिळालेल्या नव्या भुलीच्या मशीनची बातमी आणि फीत कापतानाचा फोटो पाहिला. मशीन आले, चांगलेच झाले. पण लहान मुलांना भूल द्यायचे साहित्य सोबत आले का, याबद्दल बातमीत एक अक्षर नाही. आम्हाला नेमके तेच नडले होते.

माझ्या बहिणीच्या तीन वर्षांच्या मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन सीमाभागातल्याच एका रुग्णालयात ठरले होते. पोट रिकामे हवे म्हणून रात्रीनंतर दूध बंद. सकाळभर पोर भुकेने रडत होते. दुपारी भूलतज्ज्ञ बाहेर आले आणि म्हणाले, मुलांच्या सर्किटची, म्हणजे भुलीचा वायू आणि प्राणवायू मुलापर्यंत पोचवणाऱ्या नळी-पिशवीच्या जोडणीची, पिशवी फाटली आहे, मास्क सगळे मोठ्यांचे आहेत, मी भूल देणार नाही. त्या डॉक्टरांचे आम्ही आभारच मानतो. पण हे साहित्य आदल्या दिवशी कोणी तपासले का नाही? उपाशी लेकराला कडेवर घेऊन बहीण खानापूरला परतली. पुढे बेळगावात खासगीत ऑपरेशन झाले, पैसे उसने काढून.

मुलांचे हे सर्किट, ज्याला जॅक्सन-रीस सर्किट म्हणतात, ही काही महागडी वस्तू नाही. भूलतज्ज्ञ फिलिप एअर यांनी १९३७ साली वापरात आणलेल्या टी आकाराच्या नळीला १९५० मध्ये जॅक्सन रीस या भूलतज्ज्ञांनी शेपटीकडे उघडी असलेली पिशवी जोडली, एवढेच ते. झडप नसल्याने वीस किलोच्या आतल्या मुलाला श्वास ओढायला जोर लागत नाही, आणि पिशवी धरणाऱ्या हाताला प्रत्येक श्वास कळतो. मोठ्यांचा मास्क लावला तर त्यात साठलेली सोडलेली हवाच पोर पुन्हा ओढते. तान्ह्या बाळाला तर वजनाच्या मानाने मोठ्यांच्या दुप्पट प्राणवायू लागतो, श्वास अडला की ते बघता बघता निळे पडते. श्वासासाठी घशातून घालायच्या नळीतही अर्ध्या मिलिमीटरचा फरक चालत नाही, लगतची लहान आणि मोठी नळी हाताशी ठेवावीच लागते.

आणखी एक. भुलीचे संमतीपत्र फक्त कन्नडमध्ये होते. बहिणीला कन्नड वाचता येत नाही. पोटच्या पोराला भूल देण्याच्या कागदावर तिने न वाचता सही का करावी? मराठी प्रत छापायला किती खर्च येतो?

आपल्या वार्ताहराने पुन्हा त्या रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जावे. मुलांचे सर्किट, लहान मास्क, नळ्या आणि रक्तातला प्राणवायू दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरचा बोटाला लावायचा लहान प्रोब आहे की नाही ते विचारावे आणि मिळेल ते उत्तर छापावे.

आपला,
एक वाचक, खानापूर